प्रेसनोट लिहिणाऱ्याने लोकांसमोर बसायला शिकायचं कसं?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं कम्युनिकेशनमध्ये काढली. प्रेसनोट, वार्षिक अहवाल, साहेबांची भाषणं, सोशल मीडियावरच्या पोस्ट, हे सगळं झोपेतही करू शकते. गेल्या महिन्यात माझ्या पदनामाला एक शेपूट जोडलं गेलं : 'कम्युनिटी अँड स्टेकहोल्डर एंगेजमेंट'. पगाराला काहीही जोडलं गेलेलं नाही, ते असो.

काम असं की सांडपाणी शुद्धीकरणाचा नवा प्रकल्प येतोय, त्याच्या शेजारच्या वस्तीत जाऊन बैठका घ्यायच्या. पहिली बैठक मागच्या आठवड्यात झाली. माझ्या बावीस स्लाइड तयार होत्या. नवव्या स्लाइडवर होते तेव्हा मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, हे ठरलंय की ठरायचंय, तेवढं आधी सांगा. ठरलं असेल तर आम्ही घरी जातो."

मला उत्तर माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी म्हटलं, "आपल्या सूचनांचं स्वागत आहे." त्यावर सगळे जे हसले ते अजून कानात घुमतंय.

तर प्रश्न असा : हे शिकता येतं का? ऑफिस कोर्सचे पैसे द्यायला तयार आहे. कोर्स करू, पुस्तकं वाचू, की कुणाच्या तरी मागे फिरून शिकू? अनुभवी लोकांनी लिहावं. नवशिक्यांनी फजितीचे किस्से लिहिले तरी चालतील, तेवढाच आधार.

खडूफळा

आजोबांना माझा नमस्कार कळवा. कोर्सची निम्मी फी त्यांनाच द्या.

तळटीप

खडूफळा थट्टेत म्हणाले, पण आजोबांचा प्रश्न म्हणजे या विषयाचं पहिलं प्रकरण आहे. शेरी अर्नस्टीन या बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांना फिरवलं जातं किंवा 'समजावलं' जातं, तो सहभागच नव्हे. मधल्या तिन्हींवर माहिती देणं, मत विचारणं आणि दोन-चार जणांना समितीत घेऊन गप्प करणं. याला त्या दिखाऊपणा म्हणतात. वरच्या तिन्हींवर खरी सत्ता वाटली जाते : भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि सर्वात वर नागरिकांचं नियंत्रण.

तुम्ही बोलत होता चौथ्या पायरीची भाषा आणि प्रत्यक्षात उभ्या होता तिसऱ्यावर. लोकांना हा फरक शिडी न वाचताही कळतो.

वळणदार

सहलीला कुठे जायचं याबाबत आमच्या घरात मी तिसऱ्या पायरीवर आहे. मला कळवलं जातं.

रिकामी_खुर्ची

तुम्ही नशीबवान. मला निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरायला बोलावतात, त्याला कितवी पायरी म्हणायची?

तळटीप

@रिकामी_खुर्ची, ते शिडी धरून उभं राहणं.

उंबरठा

मोठं लिहितेय, वेळ असेल तर वाचा. मी हे काम जवळपास वीस वर्षं केलं. त्याआधी तुमच्यासारखीच प्रेसनोट लिहायचे, त्यामुळे तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते सांगू शकते. आपल्याला सवय असते दुसऱ्याचं बोलणं 'नीट' करून लिहायची. साहेब दहा मिनिटं भरकटतात, आपण त्याची दोन स्वच्छ वाक्यं करतो आणि त्याबद्दल शाबासकी मिळवतो. लोकांसमोर बसलात की हीच सवय घात करते.

एका कारखान्याच्या विस्ताराची बैठक होती. स्टँडला लावलेल्या मोठ्या कागदावर मी लोकांचे मुद्दे टिपत होते. एक बाई म्हणाल्या, "संध्याकाळी माझी मुलगी सायकलवरून त्या वळणावर येते तेव्हा ट्रकवाल्याला ती दिसतच नाही. भिंत आडवी येते." मी सुबक अक्षरात लिहिलं : 'वाहतूक सुरक्षेबाबत चिंता'. बाई उठल्या, पुढे आल्या, माझ्या हातातलं मार्कर घेतलं. हिसकावलं नाही, हात पुढे केला आणि मी दिलं. माझ्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, 'भिंत आडवी येते'. मार्कर परत देऊन जागेवर जाऊन बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

माझी ओळ इंजिनिअरांकडे गेली असती तर त्यांनी 'वाहने सावकाश चालवा' असा फलक लावला असता. बाईंची ओळ गेली. तिसऱ्या आठवड्यात गवंडी आला आणि भिंतीचा कोपरा तिरका कापला गेला.

तेव्हापासून माझ्या वहीत पाच रकाने असतात : कोण बोललं, त्यांच्याच शब्दांत काय बोललं, आमच्याकडून उत्तर कोण देणार, कधीपर्यंत, आणि दिलं का. शेवटचा रकाना भरायला सर्वात जास्त घाम गाळावा लागतो, कारण तो लोकांपुढे नाही, आपल्याच ऑफिसात गाळावा लागतो. काम निम्म्याहून जास्त आतलं आहे, हे मला कुणी सुरुवातीला सांगितलं नव्हतं. बाहेर ऐकलेलं आत नेऊन पोचवणं, आतल्या लोकांच्या कपाळावरच्या आठ्या सहन करणं, पुन्हा विचारणं, पुन्हा विचारणं. बैठकीत छान बोलता येणारे पुष्कळ असतात. अर्थविभागाच्या दारात तिसऱ्यांदा जाऊन उभं राहणारे कमी.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रश्न विचारलात की मनात दहा आकडे मोजा. आपण कम्युनिकेशनवाले शांततेला घाबरतो, चौथ्या आकड्याला स्वतःच बोलायला लागतो. बहुतेक वेळा खरी गोष्ट सातव्या-आठव्या आकड्याला बाहेर पडते.

खडूफळा

"भिंत आडवी येते." बस्स. सेव्ह करून ठेवलं.

साखळदंड

सगळ्यांनी इतकं डोलायला नको. एक बाजू कडू आहे, ती मी मांडतो. ज्या संस्थेला प्रकल्प करायचाच आहे, तिच्या पगारावर बसलेला माणूस 'ऐकायला' येतो. हे ऐकणं म्हणजे विरोध थंड करायची पद्धत. लोक बोलून मोकळे होतात, त्यांना वाटतं आपलं ऐकलं, आणि काम ठरल्या तारखेला सुरू होतं. भिंतीचा कोपरा कापला म्हणे. विस्तार थांबला का?

उंबरठा

@साखळदंड, नाही, थांबला नाही. आणि तुमचं म्हणणं मला निम्मं पटतं. एका ठिकाणी मी याच कारणाने नोकरी सोडली. अहवालात लोकांचे आक्षेप 'गैरसमज' या मथळ्याखाली टाकायला सांगितले होते. पण उरलेल्या निम्म्याबद्दल म्हणाल तर ती मुलगी त्या वळणावर आता दिसते. ते मी थोडकं मानत नाही.

तळटीप

साखळदंड म्हणतात ते शिडीतही आहे. दुसऱ्या पायरीचं नावच 'उपचार' आहे, म्हणजे लोकांना रोगी समजून त्यांची समजूत काढणं. आणि 'नाही' म्हणायची सोय हवी, हेही मान्य झालेलं तत्त्व आहे. मूळनिवासी समूहांच्या हक्कांबाबत संयुक्त राष्ट्रांनी २००७ साली जाहीरनामा केला, त्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीची भाषा आहे, म्हणजे दबावाशिवाय, काम सुरू होण्याआधी आणि सगळं सांगून घेतलेली संमती. 'पूर्व' हा त्यातला सर्वात जास्त तुडवला जाणारा शब्द असावा, असं माझं आपलं मत.

अर्धविराम

अवांतर : स्टेकहोल्डरला मराठीत काय म्हणायचं हो? आमच्याकडे एका अहवालात 'भागधारक' छापलं. शेजारी राहणाऱ्या एका काकांचा फोन आला, "मी भागधारक आहे असं तुम्हीच लिहिलंय, तर माझे शेअर कुठेत?"

वळणदार

काकांचं चुकलं काय? लाभांशही मागायला हवा होता.

तळटीप

भागधारक म्हणजे शेअरहोल्डर, ते चूकच. 'हितधारक' किंवा 'हितसंबंधी' बरं. गंमत म्हणजे मूळ इंग्रजी शब्दही शेअरहोल्डरला शह देण्यासाठीच चलनात आला. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ साली तो रुळवला : संस्थेच्या उद्दिष्टांवर ज्यांचा परिणाम होतो किंवा ज्यांच्यावर त्यांचा परिणाम होतो ते सगळे. त्याच साली ग्रूनिग आणि हंट यांनी जनसंपर्काचे चार प्रकार मांडले. पहिला ढोल बडवणं, दुसरा माहिती पुरवणं, तिसरा लोकांचं मन जाणून घेऊन त्यांनाच वळवणं आणि चौथा दोन्ही बाजूंनी बदलायची तयारी ठेवणं. प्रेसनोटवाले दुसऱ्या प्रकारात मुरलेले असतात. बढती मिळाली की तिसऱ्यात जातात आणि आपण चौथ्यात आलो असं सांगतात.

साखळदंड

तळटीपसाहेब, शेवटच्या वाक्याला माझ्याकडून टाळ्या. आजच्यापुरत्या.

गवताचं_पातं

'हितसंबंधी' शब्दाला मराठीत वास आहे. 'त्याचे हितसंबंध गुंतलेत' असं आपण कौतुकाने म्हणत नाही. मी सरळ 'ज्यांना झळ बसणार ते' आणि 'ज्यांच्या हातात आहे ते' अशा दोन याद्या करते. नावं लांबलचक आहेत, पण ऑफिसात कुणालाही समजावून सांगावी लागत नाहीत.

कलम_पोटकलम

निळी_शाईंसाठी एक कामाची गोष्ट. 'ठरलंय की ठरायचंय' या प्रश्नावर एका कोर्टात वाद होऊन गेला आहे. १९८५ साली ब्रिटनमध्ये शाळांच्या फेररचनेवरून पालक एका स्थानिक कौन्सिलविरुद्ध कोर्टात गेले. त्यातून चार कसोट्या रूढ झाल्या, त्यांना गनिंग तत्त्वं म्हणतात. प्रस्ताव घडणीच्या अवस्थेत असतानाच विचारणा व्हावी. लोकांना विचार करता येईल एवढी कारणं त्यांच्यापुढे ठेवावीत. उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्यावा. आणि निर्णय घेताना ती उत्तरं खरोखर मनापासून विचारात घ्यावीत. २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांवर शिक्का उठवला.

आरहस करार १९९८ चा. पर्यावरणाच्या बाबतीत माहिती, सहभाग आणि न्याय मिळण्याबद्दलचा. त्याच्या सहाव्या कलमातही हेच आहे : सगळे पर्याय खुले असताना, सुरुवातीलाच लोकांना सामील करून घ्या. तुमच्या आजोबांनी कलम न वाचता कलम लावलं.

रिकामी_खुर्ची

कोणतं कौन्सिल हो ते?

कलम_पोटकलम

ब्रेंट. लंडनमधलं.

रिकामी_खुर्ची

ब्रेंट म्हणजे ती समुद्रातली तेलाची टाकी ना? ती शाळा चालवायची?

कलम_पोटकलम

:) तो ब्रेंट वेगळा. पण तुम्ही नकळत चांगलं उदाहरण काढलंत, कुणीतरी सांगा ते.

चौकट

मी सांगतो. ब्रेंट स्पार, १९९५. शेल कंपनीला उत्तर समुद्रातली तेल साठवायची जुनी तरंगती टाकी खोल समुद्रात बुडवायची होती. तांत्रिक अहवाल होते, ब्रिटिश सरकारची परवानगी होती. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे कार्यकर्ते टाकीवर चढून बसले, युरोपात पेट्रोल पंपांवर बहिष्कार सुरू झाला आणि जूनमध्ये शेलने बेत सोडला. पुढे सप्टेंबरमध्ये ग्रीनपीसने टाकीत उरलेल्या तेलाचा आपला अंदाज चुकल्याचं कबूल करून माफी मागितली. शेवटी टाकीचे कापलेले भाग नॉर्वेत धक्का बांधायला वापरले.

आमच्या इंजिनिअरांना मी हे सांगतो तेव्हा ते खूश होतात, "बघा, आकडे आमचे बरोबर होते!" मग मी विचारतो, बुडवायला मिळाली का? आकडे बरोबर असणं आणि लोकांनी ते मान्य करणं, यांत बरंच अंतर आहे. ज्यांना वाटत होतं की समुद्र काही कुणाचं कोठार नाही, त्यांच्याशी आधी कुणी बोललंच नव्हतं.

जोखमीबद्दल लोकांशी कसं बोलावं याचे जाणकार पीटर सँडमन यांचं याबाबत एक सूत्र आहे : जोखीम म्हणजे धोका अधिक संताप. धोका छोटा असला तरी तो माझ्यावर लादलेला असेल, माझ्या ताब्यात नसेल आणि सांगणाऱ्यावर माझा भरवसा नसेल, तर संताप मोठा असतो. कम्युनिकेशनवाले धोक्याचे आकडे समजावत बसतात आणि संताप तिकडे वाढत जातो. निळी_शाई, तुमच्या बावीस स्लाइडपैकी किती आकड्यांच्या होत्या?

निळी_शाई

@चौकट, सतरा. :(

@उंबरठा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मीही फळ्यावर 'दुर्गंधीविषयक शंका' असं लिहिलं होतं. मूळ वाक्य होतं, "पाहुणे आले की आम्ही खिडक्या लावून घेणार का?"

उंबरठा

ते वाक्य जसंच्या तसं साहेबांच्या टेबलावर ठेवा. खाली काही लिहू नका.

पायवाट

या धाग्यावर बहुतेक सगळे टेबलाच्या एका बाजूचे दिसताहेत. मी दुसऱ्या बाजूची. आमच्या वस्तीजवळ एक मोठं काम पाच वर्षं चाललं होतं. एवढ्या काळात चार जण 'आपल्याशी संवाद साधायला' येऊन गेले. प्रत्येक जण पहिल्या दिवशी विचारायचा, "तर मग, तुमचे मुख्य प्रश्न काय आहेत?" चौथ्या वेळेला मी घरून जुन्या बैठकींचे कागद घेऊन गेले आणि म्हटलं, आधी हे वाचा, मग बोलू. तो मुलगा ओशाळला. त्याला आधीच्यांनी काहीच दिलं नव्हतं. त्याचा दोष नव्हता, पण आमचा तरी काय होता?

आम्हाला काय हवं असतं ते सांगू? चहापाणी आणि हसरे चेहरे नसले तरी चालतात. फोन लागावा. 'नाही' असेल तर 'नाही' कळावं, कारणासकट. आणि दुपारी तीनची बैठक ठेवून 'प्रतिसाद अल्प' असं अहवालात लिहू नये. तीनला आम्ही कामावर असतो. आमच्या शेजारणीची व्हीलचेअर त्या हॉलच्या चार पायऱ्या चढत नाही, हे चारांपैकी एकालाही सुचलं नाही. तळटीप, तुमच्या शिडीलाही रॅम्प नाही, हे लक्षात आलं का?

तळटीप

निरुत्तर. खरंच नाही लक्षात आलं.

वळणदार

मुक्काम पोस्ट पहिली पायरी. पुढे जागा नाही.

गवताचं_पातं

पायवाट, मनापासून आभार. बैठकीत नेहमी तेच दहा चेहरे येतात हा आमचाही अनुभव. त्यांना दोष देऊ नये, निदान ते येतात तरी. पण बाकीच्यांपर्यंत आपण चालत जायचं असतं. मी बैठकीपेक्षा दारावर, शाळेच्या फाटकाशी, शिफ्ट सुटताना जास्त शिकले. काही देशांत यावर चिठ्ठ्या टाकायचा उपाय केलाय. आयर्लंडच्या २०१६ च्या नागरिक सभेत ९९ सामान्य नागरिक सोडतीसारखे निवडले होते आणि एक अध्यक्ष. आपल्या छोट्या कामाला एवढं झेपणार नाही. पण यादीतून डोळे मिटून वीस घरं काढा आणि त्यांच्याकडे जा. ओरडणारे आणि पुढे-पुढे करणारे यांच्यापलीकडचं जग दिसतं.

चौकट

धागा मूळ प्रश्नापासून लांब आलाय. कोर्सबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मीच बोलतो, मी केलाय. आयएपीटू ही लोकसहभागावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना, १९९० पासूनची. तिचा पाच टप्प्यांचा पट जगभर वापरतात : माहिती देणं, सल्ला घेणं, सामील करणं, सहकार्य, अधिकार देणं. शिडीसारखं यात 'वर तेवढं चांगलं' असं नाही. कामाप्रमाणे टप्पा निवडायचा. मात्र प्रत्येक टप्प्याबरोबर लोकांना द्यायचं एक वचन असतं आणि ते पाळावं लागतं. माझ्या मते त्या पटातली सर्वात मोलाची गोष्ट हा वचनाचा रकाना आहे आणि ऑफिसं नेमका तोच कापून स्लाइडवर टाकतात.

कोर्समधून भाषा मिळते, आराखडा मिळतो, आणि तुमच्यासारखेच घाबरलेले पंधरा-वीस जण भेटतात. हे शेवटचं फार उपयोगी. सत्ता आणि रस यांचा चौकोनी तक्ताही शिकवतात, कोणाला जवळ ठेवायचं, कोणाला नुसतं कळवायचं. तो जपून वापरा. त्यात ज्यांच्याकडे सत्ता नाही ते तळाला जातात, आणि पायवाट यांची शेजारीण तिथेच असते. १९९७ चं मिचेल, एगल आणि वुड यांचं मॉडेल थोडं बरं, त्यात सत्तेबरोबर हक्क आणि निकडही मोजतात.

संतापलेल्या माणसासमोर उभं राहणं मात्र कोर्समध्ये येत नाही. आमच्या कोर्समध्ये त्याचं नाटक करायचे. संतापलेला नागरिक झालेला सहकारी मध्येच हसायचा.

उंबरठा

चौकट यांना अनुमोदन. भर एवढीच की कोर्सच्या आधी दोन-तीन बैठकांना नुसतं टिपणं घ्यायला जा. दुसऱ्या कुणाच्या बैठकीला. बोलायची परवानगी नाही असं स्वतःलाच बजावा. आणि तुमची जुनी विद्या टाकून देऊ नका. सोप्या भाषेत एक पान लिहिता येणं ही या कामात दुर्मीळ गोष्ट आहे. इंजिनिअरांचा साठ पानी अहवाल एका पानात, काहीही न लपवता. ते तुम्ही उद्यापासून करू शकता.

साखळदंड

'काहीही न लपवता' हे ठळक करा कुणीतरी.

निळी_शाई

बारा दिवसांनी परत येतेय. कोर्सला नाव घातलंय, अजून अवकाश आहे. दरम्यान दुसऱ्या विभागाच्या दोन बैठकांना वही घेऊन बसले. पहिल्या बैठकीत तोंड उघडायचा मोह नऊ वेळा झाला, मोजला.

मग साहेबांसमोर बसून एकच प्रश्न विचारला : यात काय बदलू शकतं? सुरुवातीला "तू सांभाळून घे ना" असं झालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी प्रकल्पप्रमुखांना बोलावलं आणि एका कागदावर तीन रकाने भरले. बदलणार नाही : जागा आणि क्षमता. बदलू शकतं : ट्रकच्या वेळा, वास मोजायची यंत्रं कुठे बसवायची, त्यांचे आकडे कुठे आणि किती वेळा लावायचे, वस्तीच्या बाजूचा झाडांचा पट्टा. तिसरा रकाना मी मुद्दाम मागून घेतला, 'अजून माहीत नाही'. त्यात एकच ओळ : पावसाळ्यात जादा आलेलं पाणी कुठे सोडणार. खिडक्यांचं वाक्य साहेबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण वास मोजायच्या यंत्रांचा मुद्दा त्यानंतरच कागदावर आला.

तो कागद घेऊन काल आजोबांच्या घरी गेले. स्लाइड नाहीत, लॅपटॉप नाही. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. पहिल्या रकान्यावर मान हलवली, "म्हणजे ठरलंय." मी म्हटलं, "हो, एवढं ठरलंय. त्या दिवशी मला सांगता आलं नाही." मनात मोजायला लागले. सहावर ते म्हणाले, "जागेला माझा विरोध आहे, तो राहणार. लिहून घ्या." त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मग त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "या तिसऱ्याचं कधी सांगणार?"

मी तारीख दिली. आता ती पाळायला तीन विभागांच्या मागे लागायचंय आणि त्यातला एक फोन उचलत नाही.

पायवाट

घडी घालून खिशात ठेवली ना? मग ते जपून ठेवणार. आमच्याकडे तर पाच वर्षांचे आहेत.

खडूफळा

कोणती तारीख दिलीत? इथेही लिहून ठेवा. आम्हीही विचारू.

निळी_शाई

पुढच्या महिन्याची १४.